वीस टक्के आणि वरचा एक रुपया

...नाही नाही, लिलावात घेणाऱ्याकडून वर वीस टक्के घेतात ना, घ्या! विकणाऱ्याचे दहा टक्के कापतात, कापा! धंदा आहे, पोट सगळ्यांना आहे. पण घेणारा मीच आणि विकणाराही मीच, असं असलं तर? मग काय करतात, सांगा बरं? मग दोन्हीकडून घेतात! मी विचारलं त्या खिडकीतल्या पोराला, म्हटलं, बाबा रे, गाल एकाच माणसाचे, तू दोन्ही बाजूंनी कसा वाजवतोस? तर म्हणतो, "सर, नियम छापलेत ना मागच्या पानावर." मागच्या पानावर! पुढच्या पानावर राजाचं नाणं, चमचमीत, आणि मागच्या पानावर मुंगीच्या अक्षरात आमचं मरण. तुम्हाला सांगतो, हातोडी टेबलावर पडते हो, पण लागते कुठं ते मला विचारा!

मी नेणशी. भुजला पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे आमचं. म्हणजे अर्धं. उरलेलं अर्धं भिंतीपलीकडे, तिथं वेलजीभाई बसतात, माझे मोटाभाई, सख्खे थोरले भाऊ. बापुजी गेले, दुकानाची वाटणी झाली, मधे भिंत आली, आणि शेवटी राहिला वजनकाटा. त्यावरून जे वाजलं ते वाजलं. त्यांनी काटा उचलला, मी वजनं उचलली, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण महिनाभर दोन्ही दुकानांत एक तपेलंसुद्धा तोलून विकता येत नव्हतं, पण माघार कोण घेणार? आमच्या रक्तातच नाही ती. तेव्हापासून चार वर्षं बोलणं बंद. भिंत अशी पातळ की त्यांना शिंक आली तर माझ्या तोंडात 'खम्मा', आयुष्यमान व्हा, असं येतं, आणि ते मी चहाबरोबर गिळतो. आता बोलत नसलो तरी मनातसुद्धा त्यांना 'तुम्ही'च म्हणतो हं, संस्कार आहेत आपल्यावर.

सगळं वाटलं गेलं, पण एक गोष्ट राहिली. पंचवीस कोरीचं सोन्याचं नाणं, कोरी म्हणजे कच्छ संस्थानाचा जुना रुपया, महारावांच्या वेळचं, सदऱ्याच्या बटणाहून थोडं मोठं. आता तुम्ही म्हणाल, एवढंसं नाणं, त्यात काय? अहो, आमच्या घरात नवी सून आली की परातीत कुंकवाचं पाणी करायचं, त्यात ते नाणं टाकायचं, आणि नवरानवरीनं त्या लाल पाण्यात हात घालून शोधायचं, सात वेळा. ज्याच्या हाती जास्त वेळा नाणं लागेल त्याचं घरात चालणार. बापुजींच्या लग्नात तेच नाणं, मोटाभाईंच्या लग्नात तेच, माझ्या लग्नात तेच. माझ्या वेळी सातही वेळा बायकोनं, दमयंतीनंच काढलं, आणि त्यानंतर आमच्या घरात काय झालं ते भुजमध्ये कुणालाही विचारा. आणि माझ्या पोराचं, कौशलचं लग्न ठरलेलं, मार्गशीर्षातलं! परात आहे, कुंकू आहे, सून येतेय, आणि नाणं? नाणं मामांच्या तिजोरीत, वाटणीची वाट बघत.

मामा आमचे मध्यस्थ. मोटाभाईंनी मामांकरवी निरोप धाडला, नाणं मला द्या, नेणशीला अर्धी किंमत देतो. मी निरोप धाडला, नाणं मला द्या, त्यांना अर्धी किंमत देतो. आता किंमत किती? तर त्यांना घ्यायचं असलं की नाणं ऐंशी हजाराचं, आणि मी घेतो म्हटलं की दोन लाखांचं! आता खरं सांगू? मीही तेच करत होतो. बाप एकच, शाळा एकच. मामा वैतागले. म्हणाले, मी हे माझ्या नावानं अहमदाबादला लिलावात लावतो, येतील ते पैसे निम्मे निम्मे घ्या आणि माझं रक्त प्यायचं थांबवा.

मी मामांबरोबर गेलो होतो ना नाणं द्यायला. तिथला माणूस हातमोजे घालून बसलेला, आमच्या घरातल्या बायका ज्याला चिंच लावून घासत आल्या त्याला हा हातमोजे घालून धरतो! भिंगातून बघितलं, ओठ मुडपले, आणि लिहून घेतलं, 'अक्षरांत लाल मळ'. मळ? अहो, तीन लग्नांचं कुंकू आहे ते! माझ्या आईच्या हातचं कुंकू आहे! "सर, आमच्या भाषेत त्याला मळच म्हणतात, किंमत उतरते त्यानं. सव्वा लाखाच्या वर अंदाज लिहिता येणार नाही." आणि मग गोड आवाजात एकेक सांगायला लागला, विकलं गेलं तर दहा टक्के आमचे, फोटोचे वेगळे, विम्याचे वेगळे, नाही विकलं गेलं तरी थोडे आमचे, आणि जो घेईल तो हातोडीच्या किमतीवर वीस टक्के देईल, पण त्याची तुम्ही काळजी करू नका सर, ते घेणाऱ्याचं दुखणं. घेणाऱ्याचं दुखणं! आणि मी मुंडी हलवली हो, बैलासारखी, कारण घेणारा कोण होणार ते फक्त मला ठाऊक होतं.

कारण मी काय हिशोब मांडला होता, ऐका. लिलाव मामांच्या नावावर. बोली लावणार मी. जे पैसे मी भरीन त्यातले अर्धे वाटणीत माझ्याच घरी परत येणार! म्हणजे दुसरा कुणी दोन लाख बोलला तर त्याला दोन पडणार, मला पडणार एक! जगातला कुठलाही शेठ माझ्यापुढं टिकणार नाही! रात्रभर हसत होतो अंथरुणात. दमयंतीला सांगितलं तर ती म्हणाली, "आणि वरचे वीस? आणि खालचे दहा? ते कुणाच्या घरी येणार?" म्हटलं, तू लाडू बघ लग्नाचे. नाही ऐकलं तिचं. तुम्हाला सांगतो, हातोडी टेबलावर पडते हो, पण...

असो. अहमदाबाद. मोठा हॉल, थंडगार, खुर्च्यांना पांढरी कापडं, नाश्त्याला फाफडा आणि लोक असे गंभीर की फाफडासुद्धा आवाज न करता खातायत. मी निळा सदरा घालून तिसऱ्या रांगेत, शेजारी दमयंती, पर्स घट्ट धरून. बाजूला एका लांब टेबलाशी तीनचार पोरी फोन घेऊन बसलेल्या, जे येऊ शकत नाहीत त्यांच्या बोल्या त्या लावतात. आमच्या नाण्याचा फोटो भिंतीवर आला, परातीएवढा, आणि खाली लिहिलेलं, लाल मळ.  बोली सत्तर हजारापासून उठली, चार हात वर होते, ऐंशी, नव्वद, लाख... सव्वा लाखाला मागचा दाढीवाला गळला, दीड लाखाला सुरतेचा एक शेठ डायरी मिटून उठला, आणि मी मनात म्हटलं, आलं, आलं घरी, घाल परातीत...

आणि फोनवरच्या एका पोरीनं हात वर केला. एक साठ.

मी एक सत्तर. ती फोनमधे कुजबुजली, थांबली, हात वर. एक ऐंशी. मी दोन. इकडं दमयंती माझ्या कानात, "दोन म्हणजे दोन चाळीस." म्हटलं, गप. दोन पंचवीस, फोन. अडीच, मी. "अडीच म्हणजे तीन." अगं गप! छातीत धडधड अशी की वाटलं लिलाववाला तीही बोली धरेल. मी मनात म्हणतो, कोण असेल? मस्कतचा कुणी कच्छी असेल, त्याच्याकडं तेल आहे, माझ्याकडं तपेली आहेत, पण घाबरू नकोस नेणशी, तुझे अर्धे घरी येणार आहेत, त्याचे नाही! पावणेतीन, फोन. तीन लाख, मी! "तीन म्हणजे तीन साठ," आणि हा एवढा चिमटा, कोपराच्या वर, अजून निळं आहे, दाखवू?

आता ऐका. फोनवरची पोरगी उठून उभी राहिली, ओशाळली बिचारी, आणि लिलाववाल्याला म्हणाली, "सर, हे काका विचारतायत, तीन लाख पंचवीस हजार, आणि वर एक रुपया, असं चालेल का?" सगळा हॉल हसला. लिलाववाला म्हणाला, काकांना सांगा इथं पंचवीस हजाराच्या खाली पायरी नाही, सुटे पैसे आम्ही घेत नाही. सगळे हसतायत, आणि माझे कान उभे राहिले. वर एक रुपया! असं आख्ख्या जगात कोण बोलतं? बापुजी बोलायचे. एकावन्न, एकशे एक, पाचशे एक. आणि बापुजींच्या मागं कोण बोलतं? भिंतीपलीकडचे!

म्हणजे मस्कतही नाही आणि तेलही नाही, मोटाभाई! भुजला बसून, गादीवर लोडाला टेकून, माझ्या पोराच्या परातीतलं नाणं ओढतायत! आणि त्यांचाही तोच हिशोब, अर्धे तर घरीच येणार! मला असा राग आला, असा राग आला, की चार वर्षांचं गिळलेलं सगळं वर आलं. तीन पन्नास! फोन, तीन पंचाहत्तर. दमयंतीनं चिमटा काढायचं सोडून देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. मी उभा राहिलो, उभं राहायचं नसतं, पण राहिलो, आणि म्हणालो, चार लाख.

पोरगी फोनमधे बोलली. ऐकत राहिली. पुन्हा बोलली. लिलाववाल्यानं हातोडी उचलली, एकदा... मी त्या पोरीकडं बघतोय, तिनं फोन कानावरून काढून त्याच्याकडंच बघितलं... दोनदा... तिनं नाही म्हणून मान हलवली, आणि खाट!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सव्वा लाखाचं नाणं चार लाखांना घेणारा वेडा रोज कुठं बघायला मिळतो?

आता हिशोब करा. चार लाखांवर वीस टक्के ऐंशी हजार, मी भरले चार ऐंशी. सरकारचा कर आणि फोटोबिटोचे मी धरतच नाही, किती ठिकाणी रडू? तिकडं मामांना चार लाखांतून दहा टक्के कापून मिळाले तीन साठ, त्यातले एक ऐंशी माझे, एक ऐंशी मोटाभाईंचे. म्हणजे भावाचा अर्धा वाटा घ्यायला मी खिशातून घातले तीन लाख, आणि भावाच्या हाती पोचले एक ऐंशी! मधले एक लाख वीस हजार कुठं गेले? गटारात पडले असते तर निदान वाकून बघता आलं असतं! दमयंती परतीच्या बसमध्ये भुजपर्यंत एक अक्षर बोलली नाही, आणि बाईमाणूस गप्प बसलं की काय बोलतं ते मला माहीत आहे. तुम्हाला सांगतो, हातोडी टेबलावर पडते हो, पण लागते कुठं ते मला विचारा!

लग्न झालं. पत्रिकेत मोटाभाईंचं नाव पहिलं छापलं होतं, घरात मोठे ते मोठे, पत्रिका मामांकरवी पाठवली होती. येतील असं वाटलं नव्हतं, पण आले, भाभींना घेऊन. बरोबर नाण्याच्या वेळी! परात मधोमध, लाल पाणी, सगळे गोल करून बसलेले, सुनेच्या हाती दुसऱ्यांदा नाणं लागलं होतं, कौशलचं तोंड बघण्यासारखं. मोटाभाई वाकून परातीत बघत राहिले.  मग खिशातून पाकीट काढलं आणि कौशलच्या ओल्या हातात चांदला, म्हणजे लग्नाचा आहेर, म्हणून ठेवलं.

दमयंतीनं ते तिथंच उघडलं, तिला धीर कुठला! एक लाख ऐंशी हजार, आणि वर एक रुपया.

मी ती रक्कम ओळखली हो. मी नाही ओळखणार तर कोण? आणि चार वर्षांनी माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला. म्हटलं, "मोटाभाई, हे तर तुमच्या वाट्याचे."

"मला काय करायचेत? नाणं मी घेऊन कौशलच्या परातीत घालणार होतो. मी त्याचा मोटाबापा, मोठा काका, माझा चांदला म्हणून. तू घेऊ दिलंस का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वरचा एक रुपया! अहो, सौद्यात कोण रुपया लावतं? रुपया लावतात तो द्यायच्या पैशाला, चांदल्याला! तो माणूस भर लिलावात आहेर मोजत होता, आणि मला वाटलं माझ्यावर चालून येतोय. तिथं त्या हॉलमध्ये ज्याचं हसं झालं तो रुपया माझ्या पोराचा होता. माझे डोळे भरले, लपवत नाही. म्हटलं, अहो, पण मग एक फोन करायचात ना मला!

"फोनच तर करत होतो," मोटाभाई म्हणाले. "पाऊण तास. दर वेळी तूच वर चढलास."

म्हटलं, म्हणजे मी आहे हे तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, ती पोरगी सांगत होती ना, समोर निळ्या सदऱ्यातले काका आहेत आणि शेजारच्या काकी त्यांना चिमटे काढतायत, तेव्हाच ओळखलं. मग थांबला का नाहीत? तर म्हणतात, तू थांबलास? आणि चार लाखांना कसे थांबलात मग? तर भाभींकडं बघून हळूच म्हणाले, "हिनं फोन ओढून घेतला."

मामा जिलबी खात होते. म्हणाले, त्याच्यापेक्षा मला पाच हजार दिले असतेत तर मीच तुमची दोघांची डोकी धरून आपटली असती, एक लाख पंधरा हजार वाचले असते. आम्ही दोघंही एकदम म्हणालो, मामा, तुम्ही जिलबी खा.

आता सगळं छान आहे, हो. बोलणं सुरू झालंय. फार सुरू झालंय! काटा माझ्याकडं येतो, वजनं तिकडं जातात, आणि काट्याबरोबर मोटाभाईही येतात. सकाळी येतात, चहा माझा, पेपर माझा, आणि सल्ला त्यांचा. नेणशी, ही घागर अशी नको मांडूस. नेणशी, उधार कशाला दिलंस त्याला. नेणशी, बापुजी असते तर! दुपारी जेवून पुन्हा हजर. चार वर्षं, तुम्हाला सांगतो, चार वर्षं काय शांतता होती त्या दुकानात! ती मी स्वतःच्या हातानं विकली, आणि वर वीस टक्केही मीच भरले...

आलो, मोटाभाई, आलो! वजन हवंय त्यांना.