एक वीत खाली

सन्माननीय अध्यक्षसाहेब, दोन गाड्या बदलून माझ्यासाठी आलेले आपले माजी कर्णधार, व्यासपीठावरचे कार्यकारिणीचे सर्व सदस्य, दुपारपासून खुर्च्या लावून दमलेले प्रेक्षक संघाचे कार्यकर्ते, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला भाषणाची सवय नाही. तेहेतीस वर्षं मी गवताशी बोललो, आणि गवत उलटून बोलत नाही. चिटणीस मघाशी कानात सांगून गेले, "काका, दोन मिनिटं बोला, आभार माना आणि बसा." आभार मी मानणारच आहे. पण माझं दोन मिनिटांत उरकणार नाही, तेवढं आज चालवून घ्या.

आधी या घड्याळाबद्दल. फार देखणं आहे. उद्यापासून मला कुठेच वेळेवर पोहोचायचं नाही, तेव्हा ते पुढे गेलं काय, मागे पडलं काय, माझी तक्रार येणार नाही. कर्णधारसाहेब म्हणाले, मी हे मैदान पोटच्या पोरासारखं सांभाळलं. त्यांच्या खेळायच्या दिवसांत याच मैदानाला ते चिखलाचा हौद म्हणायचे. पण असो, निरोपाच्या दिवशी माणसं गोड बोलतात आणि आपणही ते गोड मानून घ्यावं.

पुढच्या महिन्यात इथे यंत्रं येतील. आधी उत्तरेकडचा स्टँड पाडतील, मग आपण बसलोय ते हे सभागृह. क्लब बंद होतोय, दुसरीकडे मैदान होणार नाही. हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मी उगाच कुणाला आशा लावत नाही.

आता या टेबलाकडे बघा. क्लबच्या रंगाचं कापड घातलंय आणि त्याखाली एकेचाळीस बरण्या आहेत. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय की माझ्या भाषणानंतर माझ्याच हस्ते त्या तुम्हाला द्यायच्या. बरण्यांत काय आहे ते नव्या मंडळींना सांगायला हवं.

सुरुवात माझ्या घरापासून झाली. माझी बायको या क्लबचे कपडे धुवायची. वीस वर्षं अकरा जणांच्या गुडघ्यांचा चिखल तिनं काढला. शेवटच्या आजारपणात म्हणाली, "मला तुमच्या त्या गवतात ठेवा. आयुष्यभर ते धुऊन काढलं, आता त्यानं मला सांभाळू दे." मैदानात रक्षा टाकायला सक्त मनाई आहे, अशी पाटी मीच रंगवून फाटकावर लावली होती. कारण खरं होतं. राख ढिगानं पडली की गवत जळतं. पण बायकोला नाही कोण म्हणणार? जिवंतपणी कधी म्हणालो नव्हतो. मी रक्षा वाळूत मिसळली, हिरवळीचा चौकोनी तुकडा अलगद उचलला, एक वीत खाली तिला ठेवलं, तुकडा परत बसवला आणि पायानं दाबला. चार दिवसांत सांधासुद्धा दिसेना.

पुढे माझा दोस्त गेला, बेकरीवाला. दवाखान्यात मला म्हणाला, "डाव्या खांबापाशी ठेव रे मला. आपला गोलकीपर त्या बाजूला कायम झोपलेला असतो. कुणीतरी जागं पाहिजे." त्याच्या शेजारच्या खाटेवरच्यांनी हे ऐकलं असणार, कारण महिन्याभरात रक्षा घेऊन दुसरं घर आलं. मग तिसरं. प्रत्येकाला मी एकच अट घातली, कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. प्रत्येकानं ती पाळली. आपल्या माणसापुरताच काकांनी नियम मोडलाय, असं प्रत्येकाला वाटायचं. सामन्याच्या दिवशी कुणी कुंपणाच्या एकाच जागी उभं राहायचं, कुणी मध्यंतरात कोपऱ्याच्या झेंड्याकडे बघत चहा प्यायचं. शेजारी उभा असलेलाही त्याच कामासाठी आलाय, हे एकालाही कळलं नाही. कोण कुठे आहे त्याचा नकाशा माझ्या अवजारांच्या खोलीत, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. फक्त मी बघायचो.

गेल्या वर्षी क्लब बंद होणार हे जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीपुढे रांग लागली. प्रत्येकाला थोडी माती हवी होती. रांगेत सगळे एकमेकांकडे असे बघत होते, जसं एकाच मुलीला बघायला चार स्थळं एकाच वेळी यावीत. आणि रांगेच्या शेवटी, टोपी खाली ओढून, कोण होतं? आपले अध्यक्षसाहेब. त्यांचे वडील मधल्या वर्तुळात आहेत. त्यांनी स्वतःच मागच्या सभेत हे सांगितलं म्हणून मी बोलतोय. रांगेच्या त्या दिवशी तुम्ही सगळे हसलात, मग रडलात, मग चहा मागवलात. मी तुमच्याबरोबर हसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं.

सहा वर्षांपूर्वी आपण मैदानाचा निचरा सुधारून घेतला, आठवतं ना? कार्यकारिणीनं मला सांगितलं, वरचा चार बोटं थर खरवडायचा आहे. मी मनात हिशेब केला. चार बोटं म्हणजे काय, माझी माणसं तर एक वीत खाली आहेत. मी निर्धास्त लेकीकडे गेलो, तिचं बाळंतपण होतं. पंधरा दिवसांनी आलो. फाटकातून आत पाहिलं तर मैदान नव्हतंच. खाली चिकणमाती लागली म्हणून ठेकेदारानं दोन हात खणून सगळं काढलं होतं. तळाचे दगड दिसत होते. एका बाजूला नव्या मातीच्या गाड्या रिकाम्या होत होत्या.

शेवटच्या गाडीच्या ड्रायव्हरला गाठलं. विचारलं, आधीची माती कुठे गेली? म्हणाला, "शहराबाहेर नवा रस्ता होतोय ना, त्याच्या भरावाला." मी सायकल काढली. पोहोचलो तोवर त्यावर खडी पडून डांबर दाबून झालं होतं. रोलरवाला झाडाखाली डबा खात होता. मी त्याला काय विचारणार होतो?

अध्यक्षसाहेब, मान वर करा. त्या कामाच्या कागदावर सही तुमची होती, पण दोष तुमचा नाही. तुम्हालाही वाटलं, वडील खोल आहेत. मी एक शब्द बोललो असतो, नकाशा तुमच्यापुढे टाकला असता, तर तुम्ही काम थांबवलं असतं. तुम्ही बोलला असतात तरी मी थांबवलं असतं. चाळीस घरांतल्या एकानंही तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं. पण तोंड उघडू नका अशी शपथ मीच घातली होती ना? आणि शपथ मोडणारं एकही माणूस या क्लबाला मिळालं नाही.

त्यानंतर मी कुणाचीही रक्षा घेतली नाही. गवताला रोग लागलाय असं सांगून परत पाठवलं. आणि तुम्हाला सहा वर्षं खोटं सांगितलं. तुम्ही कुंपणापाशी येऊन विचारायचात, "काका, आमचे बरे आहेत ना?" मी म्हणायचो, "गवत छान आलंय." गवत खरंच छान आलं होतं. माती चांगली होती, पण ती कुठल्या तरी परक्या शेताची होती.

गेल्या आठवड्यात मी तीन दिवस गुडघ्यांवर बसून या बरण्या भरल्या. नकाशा बघून, पावलं मोजून, ज्याची त्याची जागा. खडे चाळून काढले. माझी एकेचाळिसावी बरणीही तशीच चाळून भरली, माहीत असूनसुद्धा. का, ते मला विचारू नका. ठरवलं होतं की गप्प राहायचं. तुम्ही बरणी कपाटात ठेवाल, तुम्हाला बरं वाटेल, माझ्या बापाचं काय जातं?

पण काल बेकरीवाल्या वहिनी माझ्याकडे आल्या. त्या तिथे, दुसऱ्या रांगेत बसल्यात. बारा वर्षं एकही सामना त्यांनी चुकवला नाही. डाव्या खांबामागे उभं राहून नवऱ्याला गोल सांगायच्या, आणि आपण हरत असलो तर एखादा वाढवून सांगायच्या. काल म्हणाल्या, "भाऊजी, मी मुलाला बजावून ठेवलंय. माझं झालं की ती बरणी माझ्यासोबत ठेवायची. तेवढं झालं की मी मोकळी." मी हो म्हणालो. त्या गेल्या आणि मला जेवण गेलं नाही. वहिनी, तुम्ही परक्या शेताची माती उराशी घेऊन जाल आणि ती मी दिलेली असेल, हे माझ्यानं होणार नाही. तो त्यात नाही. चिमूटभरही नाही.

उठू नका, वहिनी. बरं, उठा. चिटणीस, त्यांना वाट द्या जरा. दार जड आहे, कुणीतरी धरा.

मला वाटलं होतं, हे बोलून हलकं वाटेल. नाही वाटलं.

त्या रस्त्याला मी दर रविवारी जातो. उभं राहायला जागा नाही, कडेला कठडा आहे आणि ट्रक जोरात जातात. नेमक्या कुठल्या तुकड्याखाली आपली माणसं आहेत ते मला ठाऊक नाही. चार किलोमीटरांत कुठेतरी आहेत. कुणाला यायचं असेल तर मी घेऊन जाईन, पण तिथे बघण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगतो.

बरण्या इथेच आहेत. मी त्या माझ्या हातानं कुणाला देणार नाही. कुणाला न्यायची असेल तर न्यावी, झाकणावर नावं आहेत.

आता आभार. क्लबानं मला तेहेतीस वर्षं काम दिलं, राहायला फाटकाजवळची खोली दिली, आज हे घड्याळ दिलं, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दलही. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. तेवढ्याचीच क्षमा मागतो. दुसऱ्या गोष्टीची तुमच्याकडे मागत नाही. ती ज्यांच्याकडे मागायची, त्यांना मी एक वीत खाली ठेवलं होतं, आणि आता ते तिथे नाहीत.

नमस्कार.