बोट टेकायला जागा

—नाही हो डॉक्टर, उशीचा काही दोष नाही. उशी तीच आहे गेली बारा वर्षं. मान धरली ती त्या एका क्लासपायी — शिकवणीचा क्लास नव्हे, प्रोग्रामिंगमधला, म्हणजे कोडचा एक साचा — तीन आठवडे कॉम्प्युटरसमोरून हलले नाही मी. आई गं! हां, तिथंच, बरोबर तिथंच. दाबा तुम्ही, मी बोलत राहते, म्हणजे दुखल्याचं कळत नाही मला. तुमची हरकत नाही ना? असली तरी सांगणार कशा, तुमचं सगळं लक्ष माझ्या मानेत.

तर आमची एक लायब्ररी आहे — पुस्तकांची नाही, तयार कोडची. फुकट, सगळ्यांना खुली. कुणीही घ्यावी, कुणीही वापरावी. ती काय करते? साधा मजकूर घेते आणि त्याची ब्रेलची पानं करते, ती बोटांनी वाचायची ठिपक्यांची. सासूबाईंसाठी सुरू केलं आम्ही. साठीला दृष्टी गेली त्यांची आणि एकसष्टाव्या वर्षी बाई ब्रेल शिकल्या! म्हणाल्या, रेडिओ बंद करता येतो, पण माझ्या चालीनं बोलायला लावता येत नाही. मग मी आणि भाऊजी — ह्यांचे धाकटे भाऊ, तेही माझ्याच लाइनीतले — दोघांनी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. सासूबाई समोर तपासनीस. "ओळ संपली की माझं बोट टेकायला जागा ठेवा रे," म्हणायच्या. म्हणून ओळ नि पान कुठं तोडायचं हे ठरवणाऱ्या तुकड्याला भाऊजींनी नावच दिलं, 'बोट टेकव'. कोडमध्ये, हो! जगभरच्या लोकांनी वाचायच्या कोडमध्ये 'बोट टेकव'. आम्ही तिघं इतके हसलो होतो — सासूबाई सगळ्यात जास्त.

त्या गेल्या. लायब्ररी मात्र पसरली. आणि लोकांचं असं असतं डॉक्टर, की तुमचं आहे तसं कुणालाच नको असतं. एकाला पानाचा नंबर वर हवा, एकाला खाली. त्यासाठी सोय असते — आमचा मूळ क्लास तसाच ठेवायचा, त्यावर आपला एक सबक्लास लिहायचा, आणि त्यात फक्त आपल्याला हवा तेवढा फरक करायचा. बाकी सगळं मुळातून आपोआप येतं. पण त्यासाठी मूळ लिहिणाऱ्यानं आधी विचार करायला हवा ना, की लोक कुठं फरक करतील? भाऊजी तेच म्हणत होते. "वहिनी, लोक ह्यावर आपापलं रचणार. कुठं हात घालायचा ते आपणच ठरवून देऊ." मी म्हटलं, काही नको, उद्या वाटेल ते करतील आणि तक्रारी मी निस्तरायच्या. शब्दाला शब्द वाढला. ते म्हणाले, तुम्हाला कुणाचाच हात लागलेला खपत नाही. मी म्हटलं — जाऊ दे, मी काय म्हटलं ते. त्यांनी काम सोडलं. दीड वर्ष झालं. घरी येतात, ह्यांच्याशी मॅचच्या गप्पा मारतात, माझ्याशी बोलणं काय तर, "वहिनी, चहात साखर जास्त झाली." बस.

जरा हळू! — नाही, नाही, बरं वाटतंय.

मग मी नवी आवृत्ती काढली. थोडी साफसफाई केली, काही नावं बदलली. 'बोट टेकव'चं केलं 'ओळ तोड'. आणि पंधरा दिवसांत एका अंध शाळेतल्या बाईंचं पत्र. त्यांच्याकडच्या छपाई यंत्राचा कागद जरा आखूड, म्हणून त्यांनी सबक्लास लिहून 'बोट टेकव' बदललं होतं, पानात एक ओळ कमी बसेल असं. मी नाव बदलल्यावर त्यांच्या बदलाला कुणी हाकच मारेना! एरर नाही, काही नाही, सगळं गुपचूप. आणि छापली काय, तर वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका. प्रत्येक पानाची शेवटची ओळ गायब. सव्वीस मुली परीक्षेला बसलेल्या, त्यातली एक हात वर करून म्हणते, बाई, माझा प्रश्न अर्धाच आहे. मग दुसरी, तिसरी. बाईंनी बाकाबाकापाशी जाऊन राहिलेल्या ओळी तोंडी सांगितल्या, अर्धा तास वाढवून दिला. निभावलं म्हणायचं.

आणि मी काय उत्तर दिलं असेल? लाज वाटते सांगायला. लिहिलं, 'ती आमची आतली बाब होती, तिला हात लावायला कुणी सांगितलं होतं?' त्यांचं उत्तर दहा मिनिटांत. 'ताई, मी स्वतः जन्मांध आहे. आम्ही सगळं हात लावूनच वाचतो. कुठं लावायचा नाही ते लिहून ठेवलं असतंत, तर नसता लावला.'

हसताय ना? मीही हसले. मग रडले. मग कामाला बसले.

तीनशे ओळींचा एक अगडबंब तुकडा होता, तो फोडला. आधी उत्साहात सगळंच खुलं केलं, चाळीस जागा, काय हवं ते बदला! बाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "ताई, इतक्या दारांतून शिरायचं कुठून?" मग कमी करत करत सातांवर आणलं. प्रत्येकीपुढे लिहिलं — इथं हे बदलता येईल, बदललंत तर परत अमुकच द्या. बाकीचं बंद, आणि बंद आहे हेही लिहिलं. जुनी नावं लगेच मोडायची नाहीत, वर्षभर चालू ठेवायची, वापरलं तर सूचना द्यायची. आणि 'बोट टेकव' परत आणलं. कायमचं. ते मुळात बदलायलाच नको होतं — साफसफाई कसली डॉक्टर, त्या नावात काही वाईट नव्हतं. ते नाव भाऊजींनी ठेवलेलं होतं, एवढंच. रागात होते मी. रोज ते नाव दिसायचं आणि मला... सव्वीस मुलींची परीक्षा माझ्या रुसव्यापायी अडली. हे अजून ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला कसं सांगितलं कोण जाणे.

बाई खूश आहेत आता. शाळेतल्या मुलींनी ठिपक्यांत पत्र लिहून पाठवलंय. आणि मागच्या गुरुवारी — सगळं उघड्यावर असतं ना आमचं, कुणीही वाचून शेरा देऊ शकतं — तर एक शेरा आला. भाऊजींचा! दीड वर्षानं! एकच ओळ, 'सातवी जागा नको, सहा पुरेत.' आणि बरोबर आहे हो, मेल्याचं! सातवी फाजीलच होती. उडवली मी.

काय? उत्तर? — नाही, उत्तर नाही दिलं अजून. चार दिवस झाले. काय लिहायचं? लिहिते आणि पुसते. फोन? तोंडानं बोलायचं म्हणजे... तुम्ही अशा बघू नका हो. बरं. बरं! ती पिशवी द्या इकडे, उठवत नाही मला. हां — रिंग जातेय. जातेय — उचलला! भाऊजी? मी बोलतेय. नाही नाही, ह्यांना काही झालेलं नाही, सगळे ठीक आहेत. मला तुमच्याशी — एक मिनिट हं.

डॉक्टर, तुम्ही जरा बाहेर थांबता का? — हो, माहीत आहे खोली तुमची आहे. दार ओढून घ्या जाताना.