बांधावर थांबणारी गाडी

वडपे गावातल्या गॅरेजात क्षितिजा आपल्या स्कूटरसाठी थांबली होती. शेजारी अंजूर गावचे केसरीनाथ आणि त्यांची बायको कमळा बसले होते. समोर त्यांची गाडी होती आणि तिच्या इंजिनावर मेकॅनिक विशाल वाकला होता.

"काका, बंद कुठं पडते?"

"बाजारातनं घरी जाताना, खाडीच्या बांधावर. सेल्फ मारला तरी पेटत न्हाय. गार झाली का होते चालू."

"म्हणजे सेन्सर गेलाय. तापला का काम सोडतो. आत्ता नवा टाकतो."

"लगेच?" कमळानं विचारलं.

"मग काय काकी! किती दिवस बांधावर बसणार?"

"बसतो रे. खाजणात पाणी चढतं, बगळे उतरतात. घरी हे तोंड उघडत न्हायत, तिथं बोलतात. परवा माझ्या लग्नातल्या लुगड्याचा रंग सांगितला."

"चुकीचा सांगितला असेल!" क्षितिजा म्हणाली.

"बरोबर सांगितला."

विशालनं नवा सेन्सर खोक्यातून काढला.

"विशाल, ऱ्हाऊ दे तो," केसरीनाथ म्हणाले.

"काका, आज परत बंद पडंल!"

"पडू दे. काल हिला माझ्या बापाच्या होडीचं सांगायला घेतलं, अन् मधीच गाडी चालू झाली."