बास म्हटलं की बास

इंग्लंडमधल्या डेव्हनच्या कॅम्पसाइटवर कस्तुरी पाण्याच्या नळाशी रांगेत उभी होती, तेवढ्यात शेजारच्या कॅरव्हानकडून मराठी ऐकू आलं. ड्रॉवरसारखी बाहेर सरकणारी त्यांची झोपायची खोली बंद होत नव्हती. आजोबा आत बटणापाशी होते, आजी बाहेर.

"घेऊ आत?"

"येऊ द्या, येऊ द्या... बास! अहो, बास म्हटलं की बास!"

"आता काय झालं?"

"कडेचं रबर दुमडलंय. हाउन्सलोला घरी पोहोचेपर्यंत पाऊस आहे, गादी भिजेल."

"जोर लावू का?"

"कुकरचं झाकण लागेना, तर जोर लावतो का आपण? रिंग नीट बसवतो."

"मग थांब. जरा बाहेर घेतो, म्हणजे कड आपोआप सुटेल."

"सुटली की हो! पण रबर कोरडं पडलंय. तुमची पावडर द्या, म्हणजे न अडकता सरकेल."

"माझी? दाढीनंतरची?"

"आज रबराला लागू दे. हं, आता हळूच घ्या. येऊ द्या... येऊ द्या... बास!"

"बसलं का गं?"

"चहूबाजूंनी."

"खात्री करू. तू हळू काहीतरी बोल. मला ऐकू आलं, तर फट आहे."

आजींनी इकडेतिकडे पाहिलं. एव्हाना नळापाशी पोहोचलेल्या कस्तुरीने आपलं लक्षच नसल्यासारखा घाईघाईने नळ सुरू केला. रबराला तोंड लावून आजी चक्क नवऱ्याचं नाव घेऊन पुटपुटल्या,

"फार गुणाचा आहेस रे, रघुवीर."

आजोबा दारात आले.

"आलं का काही ऐकू?"

"छे, अजिबात नाही."

"मग निघू या."

"निघू. पण त्याआधी परत एकदा म्हण की, अर्चना."