आधी कॉफी घ्या!

...आणि वर मलाच विचारतात, "गुनेल, हात का गं थरथरतायत?" अहो, थरथरणार नाहीत तर काय! सकाळपासून सात कॉफ्या रिचवल्यात! आणि मी काय कॉफी प्यायला गेले होते? तुम्हाला सांगते, मी फक्त एक प्रश्न विचारायला गेले होते. एकच! परदेशातल्या गरिबांना आपला स्वीडन जी मदत देतो, ती निवडून आल्यावर कापणार का? हो की नाही, बास!

आमची नामुकोलो आहे ना, झांबियातली नर्स, बाळंतिणींच्या वॉर्डात असते, वीस वर्षांची मैत्री आमची. परवा फोनवर म्हणाली, "गुनेल, तुमच्या निवडणुकीनंतर आमचा वॉर्ड बंद पडणार म्हणतात. खरं का गं?" काय सांगणार मी! म्हटलं, थांब, चौकात जाते नि विचारून येते.

आता आमचा चौक म्हणजे... निवडणूक आली की पक्षांच्या लाकडी टपऱ्या उभ्या राहतात, एकमेकींना खेटून! टीव्हीवर एकमेकांचे गळे धरतात आणि इथे एकमेकांकडे साखर मागतात! पहिल्या टपरीवर मी तोंड उघडते न उघडते तोच, "आधी कॉफी घ्या!" घेतली. नाही म्हणायची सोय आहे? आमच्याकडे लग्नाला नाही म्हणता येतं, कॉफीला नाही! वर दालचिनीचा बन. मग म्हटलं, मदतीचं काय? तर ती बाई मान तिरकी करून, "अगदी महत्त्वाचा मुद्दा काढलात हो! बघायला हवं." अहो, बघा ना मग! दुसरीकडे, "आधी कॉफी घ्या!" आणि मग, "सगळ्या बाजूंनी विचार करू." तिसरीकडे कॉफी, बन आणि समिती! चौथीकडचा तर माझं सगळं ऐकून म्हणतो, "अजून एक बन?"

सातव्या टपरीत कोण? इंगेमार! माझा जुना विद्यार्थी, शाळेच्या गायनात मागच्या रांगेत नुसतं तोंड हलवायचा. आता उमेदवार! आणि त्याचा पक्ष तर उघडउघड म्हणतो, मदत कापा. मी पदर खोचूनच... म्हणजे स्वेटरच्या बाह्या वर करूनच गेले. तर हा, "बाई! आधी कॉफी घ्या! आणि जरा दोन मिनिटं टपरी सांभाळता? सकाळपासून एकटाच आहे, कॉफी पितोय, आणि... कळतंय ना?" कळतंय? अरे बाबा, मलाही तिकडेच जायचं होतं! पण पडले मास्तरीण, पोराला नाही कशी म्हणू? गेला पळत.

मी आत, हातात थर्मास. आणि आमच्या लोकांचं तुम्हाला ठाऊकच आहे, फळीमागे माणूस दिसलं की पुढे रांग! आणि माझ्याच तोंडून निघालं हो, "आधी कॉफी घ्या!" एक म्हातारबुवा कप घेऊन म्हणाले, "काय हो, तुम्ही ती परदेशातली मदत कापणार ना?" सात कॉफ्या एकदम डोक्यात चढल्या! म्हटलं, "मुळीच नाही! एक क्रोनासुद्धा नाही! तिकडे बायका बाळंत होतायत आणि आपण काय बन मोजत बसायचं?" माझा पक्ष कुठला असं विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं हो, पण कुणी विचारलंच नाही! आणि म्हातारबुवांचे डोळे भरले. "माझी बायको तिकडे दाई होती. आजवर या टपरीकडे फिरकलो नव्हतो. आता मत तुम्हालाच." रांगेतल्या माना हलल्या. टाळ्या नाहीत हं, पण तीन माना एकदम हलल्या म्हणजे आमच्याकडे दंगलच समजायची!

आणि मागे कोण? इंगेमार! टोमॅटोसारखा लाल! एकदा म्हातारबुवांकडे बघतो, एकदा रांगेकडे, एकदा माझ्याकडे. म्हटलं, आता हाकलतो मला. चारचौघांत वाद घालायचा? आपल्या बाईंना खोटं पाडायचं? त्यापेक्षा आमचा माणूस तळ्यात उडी घेईल! शेवटी म्हणाला, "हो... बाई बोलल्या ना. शब्द म्हणजे शब्द. मदत कापायला मी हात वर करणार नाही." आणि अहो, हा मेला दिल्या शब्दाला पक्का! गाता येत नव्हतं, पण तालमीला एक दिवस चुकला नाही!

धावतच घरी आले, नामुकोलोला फोन लावला. ती हसतेय, मी हसतेय, वॉर्डात कुठलं तरी बाळ टाहो फोडतंय, नुसता आनंदीआनंद! आणि मग ती म्हणते, "पण गुनेल, तो निवडून यायला हवा ना गं?"

...झालं! सात टपऱ्यांमध्ये सरळ 'नाही' म्हणणारा एकच, आणि तो त्या पक्षाचा! माझे वडील जन्मभर लाल झेंडा घेऊन फिरले हो, त्या पक्षाचं नाव निघालं तरी चूळ भरायचे. करता काय? रविवारी मतपत्रिकेवर इंगेमारच्या नावापुढे फुली मारायचीय... वडिलांचा फोटो आत्ताच भिंतीकडे तोंड करून ठेवलाय!