कुठलाही सोमवार

माझं जर्मन तेव्हा कसं होतं सांगतो. जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या शूटिंग क्लबात मी नवीन. सेमी-ऑटोमॅटिक रायफलवर रेल, म्हणजे खाचांची पट्टी, बसवून झाली होती; तिच्यावर स्कोपची दुर्बीण धरून ठेवणारा माउंट निवडायचा होता. क्लबातल्या हेल्मुट आजोबांनी विचारलं, "मोंटाजं कुठलं?" माउंटला जर्मनमध्ये मोंटाजं म्हणतात, हे मला कुठे माहीत. मी ऐकलं मोंटाग, म्हणजे सोमवार.

ऐटीत म्हणालो, "कुठलाही चालेल, सहानंतर."

 ते म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. सहानंतर."

तेव्हापासून दर सोमवारी आजोबा हजर. माउंट त्यांनीच निवडला, नेम त्यांनीच शिकवला.

आता ते नाहीत. परवा क्लबात नवीन आलेल्या पुण्याच्या मुलीनं विचारलं, "दादा, माउंट कुठला घेऊ?"

म्हटलं, "सोमवारी ये. सहानंतर."