आबाजींची शिकवणी

कीर्ती : तसा नाई धरत कांदा, आबाजी. बोटं आत घ्या. नाईतर कांद्यासंगं तेही जातीन भाजीत.

मोतीलाल : कीर्ती, लाखांदूरहून बसचे एवढे धक्के खात मी आंधळगावला आलो, ते कांदे कापायला नाही.

कीर्ती : मंग कायले आले?

मोतीलाल : ‘कायले’ नाही, ‘कशाला’. हेडमास्तरची नात आहेस तू.

कीर्ती : बरं. कशाले आले?

मोतीलाल : तुझ्या आईशी बोलायला. ती ऐक, घंटा झाली. गावातली सगळी पोरं वर्गात बसली आणि माझी नात चटईवर बसून आलू सोलते आहे.

कीर्ती : मी बी वर्गातच आहे ना. पहिला तास सयपाकाचा, दुसरा गणिताचा, मंग इंग्रजी. काल तर पंक्चर काढाचा तास होता. बाबा वरठीच्या कारखान्यात जाते ना, त्याइच्या गाडीचं मागचं चाक बसलं होतं. म्याच काढलं.

मोतीलाल : पंक्चर काढून कोणी आठवी पास होत नाही. लॉकडाउनमध्ये सगळीच मुलं घरी बसली होती. शाळा उघडली, सगळी परत गेली. तू तिसरीत घरी बसलीस ती बसलीच. रंजिताने डी.एड. केलं ते यासाठी?

कीर्ती : त्याच्यासाठीच तर! आई शिकवते ना मले. अना दर रविवारी आमी भंडाऱ्याच्या दवाखान्यात जेवण नेतो, पेशंटसंगं जे लोकं येते त्याइच्यासाठी. हिशेब सगळा माझ्याकडं. सांगा बरं, साठ माणसाईले तांदूळ किती लागन?

मोतीलाल : माणशी शंभर ग्रॅम. सहा किलो. तोंडी.

कीर्ती : गणितात बरोबर. पण ज्याचं माणूस आत खाटेवर पडलं आहे, तो पोटभर कुठं जेवते? पहिल्या वेळी आमी सहा किलो नेला अना भात उरला. आता पाच नेतो.

मोतीलाल : हं.

कीर्ती : चहा घ्याल? मी कणीक मळून राहिली, हात पिठाचे आहे. तुमीच ठेवा. गॅस पेटवा, तो लायटर घ्या.

मोतीलाल : हा लायटर बिघडला आहे.

कीर्ती : ठिणगी तर पडून राहिली.

मोतीलाल : ठिणगी पडते, पण पेटत नाही. तुझ्या बापाला सांग, नवा आणायला.

कीर्ती : आबाजी... बटन फिरवलंच नाई तुमी.

मोतीलाल : ...हो का. आमच्याकडे वेगळी शेगडी आहे.

कीर्ती : तिले बटन नाई?

मोतीलाल : असेल.

कीर्ती : असंन? आबाजी, आजी गेल्यापासून घरी चहा कोण करते?

मोतीलाल : कोपऱ्यावर डोमाची टपरी आहे. चांगला करतो.

कीर्ती : अना जेवण?

मोतीलाल : दुपारी मेसचा डबा येतो. रात्री दूध-बिस्किट. चिवडा. म्हाताऱ्या माणसाला लागतं किती?

कीर्ती : पण तुमी तर फोनवर आईले सांगता, आज वांग्याची भाजी केली, आज पोपटाच्या शेंगा शिजवल्या. फोन स्पीकरवर राहते, मी ऐकते ना सगळं.

मोतीलाल : तुझी आजी ज्या दिवसात जे करायची, ते सांगतो. कौशल्या थंडीत पोपट शिजवायचीच. आठवतं तेवढं सांगतो. खोटं ते काय त्यात?

कीर्ती : सगळंच तर खोटं आहे!

मोतीलाल : हळू बोल. आणि आईला यातलं काही सांगायचं नाही. ती कुंदनला सांगेल. तुझा कुंदनमामा टपूनच बसला आहे. मला पुण्याला नेऊन वरच्या मजल्यावरच्या खिडकीत बसवणार. तिथे मी करू काय? लाखांदूरला बाजारात निघालो तर चार माणसं ‘गुरुजी’ म्हणून हाक मारतात. पुण्यात कोण मारणार? लिफ्ट?

कीर्ती : मंग शिका ना.

मोतीलाल : काय?

कीर्ती : सयपाक. मी शिकवते.

मोतीलाल : या वयात?

कीर्ती : तुमीच सांगता ना, तुमच्या शाळेतल्या भैय्यालालच्या बापाले म्हातारपणी सही कराले शिकवली म्हणून. त्याचे तर दातबी पडले होते.

मोतीलाल : ते वेगळं.

कीर्ती : काहून वेगळं?

मोतीलाल : वेगळं नाही. पण माझी अट आहे. हसायचं नाही.

कीर्ती : माझीबी आहे. रविवारपर्यंत शाळेचं नाव काढाचं नाई. अना रविवारी तुमची परीक्षा. दवाखान्याचा भात तुमी करान, सगळाच्या सगळा. मी हात नाई लावणार.

मोतीलाल : साठ माणसांचा? पोरी, मला एका माणसाचा येत नाही.

कीर्ती : म्हणून तर आज एकाचा. उठा, हात धुवा.

*

रंजिता : कीर्ती! अवो, काय जळून राहिलं? पार कुंपणापर्यंत वास येऊन राहिला.

कीर्ती : भात लागला, आई. माझा.

रंजिता : तुझा? तुझा भात तर कधी लागत नाही.

कीर्ती : आज लागला. लक्ष नव्हतं.

रंजिता : अना बाबूजी, तुमी असे घामाघूम? खिडकी तरी उघडा. काय करून राहिले होते तुमी दोघं?

मोतीलाल : अभ्यास. मी तिला... बाष्पीभवन समजावत होतो.

रंजिता : दिसून राहिलं. भाताच्या गंजातलं सारं पाणी उडालं. बरं, मी मागच्या अंगणात कपडे वाळू घालते. तो गंज राख लावून घासजो, कीर्ती.

कीर्ती : हाव.

मोतीलाल : गेली?

कीर्ती : गेली. आबाजी, म्या सांगितलं होतं, पाण्याले उकळी आली की आच कमी करा. तुमी पेपर वाचत बसले.

मोतीलाल : एकच बातमी वाचली. गंज दे इकडे, मी घासतो. जळलं माझ्या हातून, मार तू का खावास?

कीर्ती : दोघं घासू. अना आयका, हा तांदूळ नवा आहे. नवा तांदूळ पाणी कमी मागते. जुना जास्त पेते. तुमच्या घरी कोणता आहे?

मोतीलाल : माहीत नाही. कौशल्याने भरून ठेवला होता, तोच आहे.

कीर्ती : मंग जुना झाला असंन. त्याले पाणी जास्त टाकजा.

मोतीलाल : जुन्याला जास्त. बरं. आता तू एक सांग. रविवारपर्यंत शाळेचं नाव काढणार नाही म्हणालो, म्हणून नाव काढत नाही. पण तिकडची कुठली एखादी गोष्ट आठवते तुला?

कीर्ती : आठवते.

मोतीलाल : कोणती?

कीर्ती : मधली सुट्टी.

मोतीलाल : अभ्यास नाही?

कीर्ती : अभ्यास घरीबी होते. इथंच बरा होते, कोणी छडी आपटत नाई. पण घरी मधली सुट्टी होतच नाई, आबाजी. मी अना आई. आई दमली की झोपते. मी कोणासंगं पळू? बाजूच्या घरात विक्की आहे, तो तर अजून रांगते.

मोतीलाल : आईला सांगितलंस हे?

कीर्ती : नाई. तिले वाटन, मी तिची शाळा नापास केली. आबाजी, घासा ना. थांबले काहून?

*

रंजिता : बाबूजी, भाजीची बादली संपली. वरणाचा डबा इकडं सरकवा. कीर्ती, द्रोण किती उरले?

कीर्ती : अर्धा गठ्ठा आहे. आई, आत दवाखान्यात रांग आहे का अजून?

रंजिता : संपत आली. पण ऐक ना गंमत. वऱ्हांड्यात त्या चंद्रभागाबाई बसल्या आहे, त्याइचा माणूस भरती आहे. काल सकाळपासून अन्नाले शिवल्या नव्हत्या म्हणे. आता दुसऱ्यांदा भात मागून राहिल्या. म्हणते, ‘बाई, शीत न् शीत मोकळा आहे, लग्नाच्या पंगतीसारखा. कोणं केला, हात दाखव त्याचा.’ जा कीर्ती, दाखव तुझा हात.

कीर्ती : मी... आई, मी वरण केलं. भाजी आपण दोघीनं.

रंजिता : अना भात?

कीर्ती : भात...

रंजिता : अवो, बोल ना. लाजून काय राहिली?

मोतीलाल : म्या केला!

रंजिता : काय?

मोतीलाल : भात म्या केला. पाचही किलो. तांदूळ म्या निवडला, म्या धुतला, आधण म्या ठेवलं. पेज बी म्याच गाळली, हे पहा, बोटाले चटका बसला. या पोरीनं हात नाही लावला.

कीर्ती : आबाजी, ‘म्या’ नाई, ‘मी’.

मोतीलाल : चूप बस! कुठे आहे ती बाई? मी दाखवतो हात.

रंजिता : थांबा, बाबूजी. थांबा. आईच्या राज्यात तुमी पाण्याचा गिलासबी हातानं घेत नव्हते. तुमाले भात कधीपासून येते?

मोतीलाल : मंगळवारपासून.

कीर्ती : बुधवारपासून, आई. मंगळवारी जाळला होता.

रंजिता : म्हणजे ते बाष्पीभवन...! अना मंग वांग्याची भाजी? पोपट? आई गेल्यापासून मले फोनवर रोज सांगत होते, ते?

मोतीलाल : दुपारी मेसचा डबा. रात्री दूध-बिस्किट.

रंजिता : बाबूजी...

मोतीलाल : रडायचं नाही. सगळे बघतात.

रंजिता : पाहू द्या. मी लेक आहे ना तुमची? मले काहून नाही सांगितलं?

मोतीलाल : लेक आहेस म्हणूनच नाही सांगितलं. तू त्याच संध्याकाळी कुंदनला कळवलं असतं.

रंजिता : कळवलंच असतं! अना मीच तुमची बॅग भरून दिली असती!

मोतीलाल : बघ. मग?

कीर्ती : आई, तू हसून राहिली का रडून राहिली?

रंजिता : मले नाही माहीत. तुमी पेज गाळली, बाबूजी? एवढ्या मोठ्या गंजाची? एकट्यानं?

मोतीलाल : दोन ओली फडकी घेऊन. गंज भिंतीला टेकवायचा आणि झाकण तिरपं धरायचं. तुझ्या पोरीने शिकवलं. चांगली शिकवते. मारत नाही, ओरडत नाही, पण सोडतही नाही. माझ्या शाळेत अशा बाई असत्या तर मी त्यांना सातवीचा वर्ग दिला असता.

कीर्ती : मंग मामाले फोन लाव, आई. सांग, आबाजी पास झाले. पुण्याले नाई येत.

रंजिता : लावते. पण एकट्या भातानं चालणार नाही. वरण, भाजी आल्याशिवाय मी याइले लाखांदूरले सोडत नाही. अना महिन्यातून एकदा मी स्वतः येऊन पाहीन.

मोतीलाल : इन्स्पेक्शन! चालेल. आता माझी पाळी. रविवार झाला, मी शाळेचं बोलणार.

रंजिता : बोला. मले माहीत होतं, हे येणार.

मोतीलाल : तुझं हे घरचं शिक्षण मला अजून पटलेलं नाही, रंजिता. पटेल असंही वाटत नाही. दहावीची परीक्षा तिला बाहेरून द्यावीच लागेल. त्याचं बीजगणित मी घेईन, रोज संध्याकाळी, फोनवर.

रंजिता : घ्या ना. बीजगणित माझंबी कच्चंच आहे.

मोतीलाल : फोन सातनंतर. त्याआधी ती घरी असणार नाही.

रंजिता : काहून? कुठं जाणार आहे ती?

मोतीलाल : शाळेच्या मैदानावर. पाच वाजता तिथे मुलींची कबड्डी असते. परवा मी जाऊन पाहून आलो, तिथल्या सरांशी बोललो. त्यांना एक खेळाडू कमी पडते. तुझी पोरगी नुसती मोठ्या माणसांत वाढते आहे. तिला मधली सुट्टी दे.

रंजिता : कीर्ती? तुले जावं वाटत होतं का?

कीर्ती : ...हाव.

रंजिता : मंग मले कधी म्हटलं नाही?

कीर्ती : तुले वाईट वाटलं असतं.

रंजिता : बाप्पा! आजा अना नात, दोघंही मलेच सांभाळून राहिले. मी काय काचेची आहे?

कीर्ती : नाई, पण...

रंजिता : पण काय? उद्यापासून जा. केस मात्र बांधून जाजो, पोट्ट्या झिंज्या ओढते. मी बी खेळत होती, मले माहीत आहे. अना बाबूजी, तुमी उभे काय? चंद्रभागाबाईच्या द्रोणातला भात संपत आला असंन. जा, हात दाखवून या.

*

(फोनवर. मोतीलाल लाखांदूरला आपल्या स्वयंपाकघरात, कीर्ती आंधळगावला.)

कीर्ती : आबाजी, बोला लवकर. सामना आहे आज, मी बूट बांधून राहिली.

मोतीलाल : एकच विचारायचं आहे. वरण शिजलं, आता फोडणी राहिली. कौशल्याचे डबे काढून बसलो आहे. एकावरही नाव नाही. यात बारीक, काळं, गोल काहीतरी आहे.

कीर्ती : मोहरी.

मोतीलाल : आणि हे तपकिरी, लांबट?

कीर्ती : वास घ्या.

मोतीलाल : घेतला. ...घरात येताना आधी हाच वास यायचा. हिने फोडणी टाकलेली असायची आणि मी चपला काढत असायचो.

कीर्ती : ते जिरं, आबाजी.

मोतीलाल : जिरं. बरं. मोहरी आधी ना?

कीर्ती : मोहरी आधी. तडतडू द्या. मंग जिरं, लसूण, हळद. सांबार सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून. आणला का?

मोतीलाल : आणला. बाजारात नत्थू भेटला, माझा जुना विद्यार्थी. पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावताना पाहिली त्याने. ‘गुरुजी, तुमी सयपाक करता?’ म्हणाला. मी म्हटलं, मंग! जेवाले ये गुरुवारी.

कीर्ती : गुरुवारी? अना भाजी कोणती करान?

मोतीलाल : ते तू सांगशील बुधवारी. थांब, फोन धर जरा, फोडणी टाकतो.

कीर्ती : आबाजी, आला आवाज! इथपर्यंत आला!

मोतीलाल : आला ना? आता झाकण. आच कमी. पेपर मी दुसऱ्या खोलीत ठेवला आहे.

कीर्ती : शाबास. आबाजी, पोट्ट्या फाटकातून हाका मारून राहिल्या. जाऊ?

मोतीलाल : जा, बेटा. मी बी ताट वाढून घेतो.